ब्लू जेजचा एप्रिल कसा बघायचा: बेसबॉलमध्ये नवीन असणाऱ्यांसाठी

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये टोरांटो ब्लू जेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या फायनलपर्यंत पोचले आणि इकडच्या, म्हणजे मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांमध्ये एकदम बेसबॉल शिरला. ज्यांना कालपर्यंत इनिंग म्हणजे पन्नास ओव्हर वाटायची ते लोक रात्री बारापर्यंत जागून बुलपेनवर, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरवर (पिचर म्हणजे आपला बॉलर), बोलायला लागले. त्या फायनलचा शेवटचा, सातवा गेम अकराव्या इनिंगमध्ये ५-४ ने गेला तेव्हा खूप जणांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही, आणि अजूनही तो गेम आठवला की आत कुठेतरी तुटतं. पण त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की आता पूर्ण सीझन फॉलो करायचाय, अगदी पहिल्या दिवसापासून, तर सुरुवात कशी करायची? हे त्यांच्यासाठी, आणि पुण्या-नाशकात बसून इकडच्या मुला-नातवंडांबरोबर बघणाऱ्यांसाठीही.

तीन स्ट्राइक म्हणजे आउट, चार बॉल म्हणजे फुकट बेस, तीन आउटला बाजू बदलते आणि नऊ इनिंग, एवढं येत असेल तर पुढे वाचा. बाकीचे नियम बघता बघता येतात, त्यासाठी थांबू नका.

आधी १६२ हा आकडा पचवा

सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या शेवटी संपतो, आणि तेवढ्या वेळात प्रत्येक टीम १६२ गेम खेळते. आयपीएलमध्ये एका टीमच्या लीगच्या मॅचेस १४, तेवढे गेम इथे पंधरवड्यात उरकतात. त्यामुळे दोन मॅच हरलो की प्लेऑफचं गणित मांडायची जी सवय आपल्याला लागलेली असते ती इथे आल्याबरोबर सोडायची, नाहीतर एप्रिलमध्येच दमून जाल.

उदाहरण देतो. २०२५मध्ये सगळ्यात जास्त गेम जिंकले मिलवॉकी ब्रूअर्सनी, ९७. म्हणजे त्या वर्षी लीगमध्ये ज्यांचा रेकॉर्ड सगळ्यात चांगला होता ते सुद्धा ६५ वेळा मान खाली घालून घरी गेले. आणि याच ब्रूअर्सची सुरुवात कशी झाली होती? पहिले चारच्या चार गेम हरले. त्यातला एक न्यूयॉर्क यांकीजकडून २०-९. त्या गेममध्ये यांकीजनी पहिल्या तीन पिचवर, म्हणजे टाकलेल्या पहिल्या तीन बॉलवर, तीन होमरन (आपल्या सिक्ससारखे) मारले, अख्ख्या गेममध्ये नऊ, ॲरन जजचे एकट्याचे तीन, आणि पुढचा आठवडाभर सगळीकडे त्यांच्या टॉर्पीडो बॅटची, म्हणजे वेगळ्या आकाराच्या नव्या बॅटचीच चर्चा. त्या संध्याकाळी कोणी म्हणालं असतं की हे ब्रूअर्स सप्टेंबरच्या शेवटी सगळ्यांच्या वर असतील तर कोणी ऐकूनही घेतलं नसतं.

उलटंही होतं. २०२३मध्ये टॅम्पा बे रेजनी पहिले १३ गेम सलग जिंकले. पुढे ९९ गेम जिंकूनही डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या पाच टीमच्या गटात, ऑरिओल्सच्या मागे दुसरे आले, आणि वाइल्ड कार्ड नावाच्या प्लेऑफच्या पहिल्या फेरीत टेक्सास रेंजर्सकडून दोन गेममध्ये बाहेर. ते रेंजर्स मग वर्ल्ड सिरीजच जिंकून गेले.

म्हणून पहिली शिस्त ही की एका गेमवर बोलायचं नाही, सिरीजवर बोलायचं. बहुतेक सिरीज तीन गेमच्या असतात. तीनातले दोन जिंकले तर आठवडा चांगला, तीनातला एक जिंकला तरी आभाळ कोसळलेलं नाही. सीझनभर तीनातले दोन जिंकत राहणारी टीम १०८ गेम जिंकेल, आणि तेवढं फारच थोड्या टीमना जमलेलं आहे.

टेबल वाचायला शिका, पण रोज उघडू नका

मेजर लीगमध्ये ३० टीम, दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन, एका डिव्हिजनमध्ये पाच टीम. ब्लू जेज अमेरिकन लीगच्या ईस्टमध्ये, सोबत यांकीज, बोस्टन रेड सॉक्स, रेज आणि बॉल्टिमोर ऑरिओल्स. खडतर गल्ली आहे ही, इथे सहज काही मिळत नाही. प्रत्येक लीगमधून सहा टीम पुढे जातात, तिन्ही डिव्हिजनचे विजेते आणि उरलेल्यांतले सगळ्यात चांगले तीन, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. विजेत्यांपैकी वरच्या दोघांना पहिल्या फेरीत सुट्टी.

टेबलमध्ये जिंकलेले-हरलेले सोडून एक कॉलम असतो, गेम्स बॅक, म्हणजे पहिल्या नंबरच्या टीमच्या किती मागे. समजा यांकीज ३५ जिंकून २० हरलेत आणि जेज २८ जिंकून २७ हरलेत. जिंकलेल्यात सातचा फरक, हरलेल्यात सातचा फरक, दोन्हींची बेरीज १४, भागिले दोन, म्हणजे जेज सात गेम मागे. मे महिन्यात सात गेम मागे असणं म्हणजे काय याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २०२५मध्ये मेच्या अखेरीस जेज साधारण तेवढेच मागे होते, महिन्याच्या सुरुवातीला तर जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त होतं, आणि शेवटी डिव्हिजन त्यांनीच जिंकली.

टेबलपेक्षा मला सुरुवातीच्या दिवसांत दुसरा एक आकडा जास्त कामाचा वाटतो, तो म्हणजे रन डिफरन्शियल, काढलेल्या रनमधून दिलेले रन वजा. एका रनने हरणं-जिंकणं यात नशिबाचा भाग बराच असतो, पण महिनाभरात एखादी टीम ३० रन वर आहे आणि तरी हार-जीत बरोबरीत आहे तर ती टीम बहुतेक सुधारणार, आणि ३० रन खाली असून टेबलमध्ये वर आहे तर जरा जपून आनंद करा. फक्त एक बघायचं की हा आकडा एखाद्याच १५-१ अशा गेमने फुगलेला किंवा बसलेला नाही ना.

कधी आणि कसं बघायचं

सगळे १६२ गेम पूर्ण बघणं नोकरी-घर सांभाळून जमत नाही, आणि गरजही नाही. आठवड्यात दोन गेम नीट बसून बघा, बाकीच्यांचा बॉक्स स्कोअर, म्हणजे गेमचा आकड्यांचा तक्ता, वाचा. कॅनडात गेम स्पोर्ट्सनेटवर असतात, एमएलबीच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगवर जेजचे लाइव्ह गेम कॅनडात ब्लॅकआऊट असतात, म्हणजे दिसत नाहीत, हे पैसे भरायच्या आधी लक्षात घ्या. एमएलबीच्या ॲपमध्ये गेमडे नावाचं जे आहे ते फुकट आहे, प्रत्येक पिच कुठे पडली, किती वेगाने आली, सगळं चौकोनात दिसतं, ऑफिसमध्ये बाजूला उघडं ठेवायला एकदम बरं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळ अशी: टोरांटोत घरचा संध्याकाळचा गेम ७ वाजून ७ मिनिटांनी सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ४:३७. लवकर उठणाऱ्यांना शेवटच्या चार इनिंग चहाबरोबर मिळतात. रविवारी दुपारी १:३७चा गेम असेल तर भारतात रात्रीचे ११:०७. आणि टीम लॉस एंजेलिस-सिॲटलकडे गेली की मजा, तिकडचा संध्याकाळचा गेम आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या सुमारास सुरू, नाश्ता करता करता बघा. गेम आता लांबतही नाही पूर्वीसारखा, २०२३पासून पिच क्लॉक आलं, बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंदांत बॉल टाकावा लागतो, त्यामुळे बहुतेक गेम अडीच-पावणेतीन तासांत संपतात.

२०२६पासून अजून एक नवीन गोष्ट आहे, ती माहीत नसेल तर गोंधळ होईल. अंपायरने बॉल-स्ट्राइक चुकीचा दिला असं वाटलं तर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच डोक्यावर टॅप करून चॅलेंज करू शकतो, डगआऊटमधून, म्हणजे बाहेर टीम बसते तिथून, कोणी खुणा करायच्या नाहीत. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. आपल्याला डीआरएसची सवय आहे, त्यामुळे हे पटकन कळेल.

पिचर बघा, खरं चित्र तिथे दिसतं

सुरुवातीच्या महिन्यात जर एकच गोष्ट लक्ष देऊन बघणार असाल तर ती पिचिंग. प्रत्येक टीमकडे पाच स्टार्टिंग पिचर असतात, ते आळीपाळीने येतात, त्याला रोटेशन म्हणतात. त्यामुळे सोमवारची टीम आणि मंगळवारची टीम जवळजवळ वेगळी असते, कारण पिचर वेगळा. आज कोण टाकतोय हे न बघता आज आपण जिंकू का असं विचारण्यात काही अर्थ नाही.

पिचरचा ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे त्याने किती रन दिले, फील्डरच्या चुकांचे सोडून. एप्रिलमध्ये हा आकडा भयंकर फसवतो. हिशोब करूनच दाखवतो. समजा पहिल्याच गेममध्ये बिचाऱ्याने तीन इनिंगमध्ये सहा रन दिले. ईआरए १८.००, टीव्हीवर लाल अक्षरात. मग पुढच्या दोन गेममध्ये त्याने सहा-सहा इनिंग टाकून एक-एक रन दिला, म्हणजे झकास बॉलिंग. आता एकूण १५ इनिंग, आठ रन, ईआरए ४.८०. बघणाऱ्याला वाटतं हा साधारणच दिसतोय, पण तीनपैकी दोन गेम त्याने टीमला हातात आणून दिलेत. म्हणून एप्रिलमध्ये ईआरए न बघता गेमनिहाय ओळ बघा, प्रत्येक गेमची वेगळी.

मग काय बघायचं? तीन गोष्टी. एक, त्याच्या फास्टबॉलचा वेग मागच्या वर्षीइतका आहे का, दोन मैल कमी असेल आणि महिनाभर कमीच राहिला तर काळजी करा, कारण बऱ्याचदा खांदा किंवा कोपर बोलत असतं. दोन, वॉक किती देतोय, म्हणजे चार बॉल टाकून फुकट बेस. हिट पडणं कधी नशीब असतं, वॉक देणं पिचरच्या स्वतःच्या हातातलं. तीन, समोरची बॅटिंग ऑर्डर तिसऱ्यांदा फिरून आली की त्याचं काय होतं. बॅटरने दोनदा त्याला बघितलेलं असतं, आता तो ओळखीचा झालेला असतो, आणि साधारण पाचव्या-सहाव्या इनिंगला मॅनेजर जॉन श्नायडर कठड्याला टेकून बुलपेनच्या फोनकडे बघायला लागतो. तेवढा पाच मिनिटांचा भाग बघा. बॅटर पूर्वी ज्या पिचवर हुकत होता ती आता फाउल करून जिवंत राहतोय, काउंट तीन-दोनवर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) जातोय, पिचर रुमालाने... नाही, टोपी काढून बाहीने कपाळ पुसतोय, कॅचर उठून माउंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, जाऊन तोंडावर ग्लव्ह धरून काहीतरी सांगतोय. स्कोअर बदललेला नसतो पण गेम बदललेला असतो. हे दिसायला लागलं की तुम्ही फॅन झालात.

बुलपेन म्हणजे नंतर येणारे पिचर. एप्रिलमध्ये स्टार्टर अजून पूर्ण तयार नसतात, जास्त पिच टाकू देत नाहीत, त्यामुळे बुलपेनवर लोड येतो. सलग तीन दिवस कोण टाकतोय ते बघा. चौथ्या दिवशी आठव्या इनिंगला लीड गेली तर त्याचं कारण बहुतेक वेळा आदल्या तीन दिवसांत असतं.

बॅटरला वेळ द्या

ॲव्हरेजचं गणित सोपं आहे. ४० ॲट-बॅटमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या ४० पाळ्यांत, आठ हिट म्हणजे .२००, लोक ओरडतात याला बसवा. त्याच ४० मध्ये दोन बॉल फील्डरच्या जरा पुढे पडले असते तर दहा हिट, .२५०, कोणी काही बोलत नाही. दोन बॉलचा फरक! म्हणून पहिल्या महिन्यात ॲव्हरेजवरून कोणाला नावं ठेवू नका.

त्याऐवजी स्ट्राइकआऊट मोजा. बॅटर किती वेळा बॉलला नुसता हुकतोय हे बाकी आकड्यांच्या मानाने लवकर खरं रूप दाखवतं. २०२५च्या ब्लू जेजची ताकद नेमकी इथे होती, लीगमध्ये सगळ्यात कमी स्ट्राइकआऊट त्यांचे आणि ॲव्हरेज सगळ्यात जास्त, .२६५. होमरन मारणाऱ्या टीम खूप होत्या, पण एर्नी क्लेमंट, अलेहांद्रो कर्क यांसारखे लोक बॉल खेळात ठेवत राहिले, समोरच्याला पळायला, फेकायला, चुकायला लावत राहिले. मला स्वतःला ही बॅटिंग बघायला होमरनपेक्षा जास्त आवडते, आणि नव्या माणसालाही यातून खेळ लवकर समजतो, कारण बॉल हवेत बाहेर न जाता मैदानात फिरतो.

आणि जेजचा मुख्य बॅटर व्लादिमीर गुरेरो ज्युनियर याच्याबद्दल एक. त्याने २०२५च्या एप्रिलमध्ये १४ वर्षांचा, ५० कोटी डॉलरचा करार केला. त्या दिवसापासून तो रिकाम्या हाताने परत आला की लोक पैशांचा हिशोब काढतात. असं करू नका. ऑक्टोबरमध्ये त्याने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय.

दुखापतींची यादी रोज बघा

ही मात्र खरंच रोज बघायची गोष्ट. टीममध्ये एका वेळी २६ खेळाडू. दुखावला की इंज्युअर्ड लिस्टवर जातो, बॅटर कमीत कमी १० दिवस, पिचर १५ दिवस, मोठं दुखणं असेल तर ६० दिवसांची वेगळी लिस्ट. त्याच्या जागी बफेलोहून कोणीतरी वर येतो, जेजची ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालची टीम तिकडे आहे, टोरांटोहून गाडीने दोन तास. ही वर येणारी नावं लिहून ठेवा. सीझनच्या सुरुवातीला ज्याला कोणी ओळखत नाही तो शेवटी काय करेल सांगता येत नाही. ट्रे येसावेज २०२५ची सुरुवात मायनर लीगच्या खालच्या पायरीवर करत होता आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सविरुद्ध पहिल्या गेमला माउंडवर तो उभा होता.

हवामान

एप्रिलमध्ये थंडीने बॉल कमी लांब जातो, हात गारठतात, फील्डिंग ढिली होते. टोरांटोत रॉजर्स सेंटरचं छप्पर बंद करता येतं म्हणून घरी तेवढा त्रास नाही, पण बोस्टन-क्लीव्हलंडकडे उघड्यावर खेळताना फरक पडतो, पावसाने गेम पुढे ढकलले जातात आणि मग एकाच दिवशी दोन गेम येतात, ज्यात पिचर संपतात. हे छप्पर १९८९चं. त्याआधी एक्झिबिशन स्टेडियम होतं, आणि टीमचा अगदी पहिला गेम, ७ एप्रिल १९७७, चक्क बर्फ पडत असताना झाला. मैदानावरचा बर्फ काढायला हॉकीवाल्या मेपल लीफ्सचं झँबोनी मशीन आणलं होतं. शिकागो व्हाइट सॉक्सला ९-५ हरवलं, डग ऑल्टने दोन होमरन मारले. इथल्या जुन्या लोकांना अजून तो दिवस तोंडपाठ आहे.

रोज एक ओळ लिहा

वही घ्या, नाहीतर फोनमध्ये. प्रत्येक गेमची एकच ओळ. २०२५च्या पहिल्या दिवसाची ओळ अशी झाली असती: ऑरिओल्सविरुद्ध घरी, हरलो १२-२, बेरिओस स्टार्टर, त्यांचे सहा होमरन, त्यांच्या टायलर ओनीलने सलग सहाव्या वर्षी ओपनिंग डेला होमरन मारला. बस. दुसऱ्या दिवशी त्याच ऑरिओल्सना आपण हरवलं, तीही एक ओळ. जूनमध्ये ही पानं वाचली की कोण हळूहळू वर आलं, कोणाचं कुठे बिनसलं हे टीव्हीवरच्या कुठल्याही ग्राफिकपेक्षा स्पष्ट दिसतं. घरात मुलं असतील तर त्यांच्याकडून लिहून घ्या, मराठीतच.

काळजी कधी करायची

माझा नियम: ४० गेम होईपर्यंत टीमबद्दल मत नाही, म्हणजे साधारण मेचा मध्य. तोपर्यंत फक्त बघायचं. ४० नंतरही वेग कमी झालेला पिचर तसाच आहे, रन डिफरन्शियल खोल खाली आहे, दोन-तीन मुख्य माणसं ६० दिवसांच्या लिस्टवर आहेत, असं सगळं एकत्र आलं तर वर्ष कठीण आहे हे मान्य करा. वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९मध्ये ५० गेमनंतर १९-३१ होते आणि वर्ल्ड सिरीज जिंकले, हे उदाहरण तुम्हाला सगळे देतील, मीही देतो, पण त्यांच्याकडे शर्झर, स्ट्रासबर्गसारखे पिचर होते. अटलांटा ब्रेव्ह्ज २०२५मध्ये पहिले सात गेम हरले आणि ७६-८६ वर संपले. १९८८चे ऑरिओल्स सलग २१ हरले आणि त्यांचं वर्ष कधीच उठलं नाही. सुरुवात प्रत्येक वेळी भरून निघतेच असं नाही.

स्टेडियमला जाणार असाल तर

एप्रिल-मेमधला मंगळवार निवडा. गर्दी कमी, वरच्या ५०० लेव्हलची तिकीटं परवडतात, आणि मंगळवारी एका डॉलरला हॉट डॉग मिळण्याची इथली जुनी पद्धत आहे. गाडी नेऊ नका, गो ट्रेनने युनियन स्टेशनला उतरा, आतल्या आत स्कायवॉकने चालत दहा-पंधरा मिनिटं. अर्धा तास आधी जा आणि बुलपेनच्या बाजूला उभे राहून स्टार्टरचं वॉर्म-अप बघा. टीव्हीवर ९५ मैल हा नुसता आकडा असतो, तिथे कॅचरच्या ग्लव्हचा आवाज ऐकला की बॅटरला किती थोडा वेळ मिळतो ते अंगावर येतं.

आणि यांकीजच्या सिरीजवर खूण करा

डिव्हिजनमधल्या प्रत्येक टीमशी वर्षात १३ गेम असतात. कॅलेंडर आलं की यांकीज, रेड सॉक्स, रेज, ऑरिओल्स या चौघांचे दिवस आधी रंगवा, कारण शेवटी दोन टीम बरोबरीत आल्या तर आता वेगळा गेम खेळवत नाहीत, आपसातल्या गेममध्ये कोण जास्त जिंकलं ते बघतात. २०२५मध्ये नेमकं तेच झालं. ब्लू जेज ९४-६८, यांकीजही ९४-६८. आपसातले १३ पैकी ८ जेजनी जिंकले होते, म्हणून डिव्हिजन जेजची, पहिल्या फेरीची सुट्टी जेजची, आणि यांकीजना आधी रेड सॉक्सशी वाइल्ड कार्ड खेळावं लागलं.

त्या आठातला पहिला विजय एप्रिलमधला होता, न्यूयॉर्कमध्ये, ४-२. त्याच वीकेंडला पुढे पावसामुळे गेम ढकलला, रविवारी डबलहेडर (एकाच दिवशी दोन गेम) झाला, दोन्ही हरलो, आणि सिरीज गेली म्हणून सगळे हळहळले. तो एक विजय मात्र वहीत नोंदलेला राहिला. तर नवीन कॅलेंडर उघडा, एप्रिल-मेमध्ये यांकीज कुठल्या तारखांना आहेत ते शोधा, आणि ते गेम तरी पहिल्या पिचपासून बघा.